उपाशीपोटी

समाजसेवा हा शब्द कानावर पडला की माझं आजही डोकं फिरतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ती पुष्कळ केली. कॉलेज माटुंग्याला, आणि दर रविवारी सकाळी लालबागच्या एका चाळीतला, तळमजल्यावरचा धर्मादाय दवाखाना. पेशंटना बसवायचं, वजन घ्यायचं, बोटाला सुई टोचून साखर तपासायची, हे माझं काम.

तिथे एक मालवणी आजी यायच्या. गिरणीतला नवरा गेल्यावर दादरच्या फूलबाजारात गजरे विकून त्यांनी घर ओढलं होतं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गजरा ओवायच्या तो बोटांच्या अंदाजानं. मध्येच एखादी सुकलेली कळी जायची आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. ऑपरेशन सारखं पुढे जात होतं, कारण साखर उतरत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, या रविवारी साखर कमी आली तर लगेच तारीख देतो.

नेमका तोच रविवार दवाखान्याच्या वर्धापनदिनाचा. मग मधुमेह शिबिर, बॅनर, फोटोवाला, प्रमुख पाहुणे, सगळं ओघानं आलंच. लोकांना भल्या सकाळी उपाशीपोटी बोलावलेलं. दाराला लाल फीत. ती कापेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही, असा आमच्या कार्यवाहांचा हुकूम. आत टेबलावर साखर मोजायचं यंत्र, आणि त्यालाही झेंडूचा हार! बाहेर अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं उन्हात बसलेली. पाहुण्यांचा पत्ता नाही.

मी कार्यवाहांना गाठलं. "काका, सगळे उपाशी आहेत. निदान तपासणी तरी सुरू करूया."

"अगं, ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला, ते यायच्या आधीच? एकादशीला राहतात ना दिवसभर? काही होत नाही."

तो घाट पेशंटसाठी घातलाय अशी माझी आपली समजूत होती.

ऊन चढलं तशा आजी घामानं निथळायला लागल्या. हात थरथरत होते. मी जवळ बसून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, "आज गोळये दोन खाल्लंय. साखर कमी दिसाक व्हयी मां?"

साखरेच्या दुप्पट गोळ्या, आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर भलतीच खाली गेली असणार. पाहुण्यांसाठी आणलेले पेढे दाराशीच होते. मी सरळ खोक्याची दोरी तोडली. कार्यवाह मागून ओरडले, "अगं, आधी पाहुण्यांना!" मी ऐकलं नाही. पेढा आजींच्या तोंडाशी नेला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी हातापाया पडले, रागावले, तरी मान हलवत राहिल्या.

"गोड नको गो बाय. इतक्या केलंय ता सगळा फुकट जायत."

तेवढ्यात ताशा वाजला. पाहुणे आले होते. कार्यवाहांनी सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला सांगितलं, आणि आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आलेल्या आजी माझा हात सोडवून उभ्या राहिल्या. तोल गेला आणि त्या दगडी पायरीवर कमरेवर आपटल्या. हातात पुष्पगुच्छ धरून ताटकळलेले आमचे डॉक्टर तेव्हा कुठे धावले. त्यांनी आजींच्या गालात ग्लुकोज चोळलं. पलीकडे फीत कापली गेली. फोटोवाल्यानं त्यातून बरोब्बर आम्हाला वगळलं असणार, त्याचं कौशल्यच ते.

परळच्या हॉस्पिटलात त्यांच्या सुनेला आणि मला हाडांच्या डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं. खुब्याचं हाड मोडलंय. वय बघता पुन्हा चालतील असं धरून चालू नका. डोळ्यांचं आता विसराच. सून भिंतीला टेकून खाली बसली. मला त्या कार्यवाहांचा इतका संताप आला होता की रडूसुद्धा येईना.

आत गेले तर आजी शुद्धीवर आल्या होत्या. माझा आवाज ओळखून त्यांनी हात चाचपला.

"बाय, साखर उतारली मां माजी?"

मी म्हटलं, "हो आजी. खूप उतरली."

त्यांचा चेहरा उजळला. "मगे आता डोळ्याची तारीख घे गो बेगीन."