बाजाराचा वार

माझ्या लेकीच्या शाळेत, हिंगोलीला, शनिवारची शाळा बंद करावी का यावर पालकसभेत भरपूर खल झाला. ज्यांच्या दारात गाडी होती त्यांना सुट्टी हवी होती. नोकरी करणाऱ्या बायांना नको होती. "शनिवारी लेकरू ठेवायचं कुठं?" असं एकजण तावातावानं विचारत होती. तिचं काही चुकत नव्हतं. मी मात्र गप्प बसले होते, आणि मी गप्प बसले की माझा नवरा घाबरतो. पण त्या दिवशी मला राग आलेला नव्हता. मला आमच्या गावच्या शाळेची अशीच एक जास्तीची सुट्टी आठवत होती, आणि त्या सुट्टीसाठी माझ्या मायनं काय सोडलं ते आठवत होतं.

आमचं गाव जवळा बाजार या बाजाराच्या गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, मी चौथीत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेकडे कोणी फिरकायचं नाही. मोठी माणसं बाजाराला, त्यांच्या मागे पोरं, आणि उरलेल्या पोरी घरी लहान भावंडं सांभाळायला. गुरुजी रिकाम्या वर्गाला शिकवून शिकवून थकले. शेवटी त्यांनी गावकऱ्यांना बोलावलं आणि ठरलं की बाजाराच्या दिवशी शाळा बंद, बाकीचे दिवस थोडी उशिरापर्यंत. आधीच रविवार सुट्टीचा, म्हणजे आठवडा पाच दिवसांचा झाला. वरून परवानगी होती का, हे मला माहीत नाही. आमच्या गावाला तरी ती विचारावीशी वाटली नाही.

पोरं खूश झाली. बाजाराच्या दिवशीही मजुरीला जाणाऱ्या बायांनी मात्र गुरुजींना चांगलंच सुनावलं. "तुमाला सुट्टी, आन तकलीफ आमाला!"

आमच्या घरचा प्रश्न शेळ्यांचा होता. गल्लीतल्या सात घरांच्या शेळ्या एकत्र चरायला जायच्या. प्रत्येक घराला एक वार ठरलेला. ज्याचा वार, त्यानं सगळ्यांच्या शेळ्या राखायच्या. आमचा मंगळवार. बाप वसमतला हळदीच्या आडतीवर हमाल, माय रोजानं दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी. म्हणजे मंगळवारी शेळ्यांमागे मीच. मंगळवारचं शिकवलेलं बुधवारी समजायचं नाही, आणि बुधवारचं राहिलं की पुढचंही अडायचं. गणितात मी पार मागे पडले. बाप म्हणू लागला, "चौथी झाली की बस. तसंबी कुठं डोस्क्यात शिरून राहिलं तिच्या!"

सुट्टी ठरली त्याच संध्याकाळी माय गल्लीच्या मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, "बाजाराचा वार आमाला द्या. कायमचा."

सगळे हसले. तो वार म्हणजे शिक्षा. ज्या घराकडे तो होता, ते माझ्या मैत्रिणीचं घर, दर आठवड्याला कुरकुरायचं.

"काहून वो, तुमाला बाजार नको व्हय?" मैत्रिणीच्या आईनं विचारलं.

"पोरीला शाळा पायजे," माय म्हणाली. "तुमी बी इचार करा. आमचा मंगळवार तुमच्याकडं आला तर तुमच्या पोरीची शाळा बुडंल."

"एका दिवसानं काय होतंय? तिला बाजार आवडतो."

वारांची अदलाबदल तिथंच पक्की झाली.

पण बाजार मायलाही आवडायचा. तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं, होती ती एक बहीण, लांबच्या गावी दिलेली. दोघी दर आठवड्याला बाजारात भेटायच्या. बांगडीवाल्यांच्या ओळीशेजारी एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली बसायच्या आणि पावशेर मिरच्या घ्यायला अर्धा दिवस लावायच्या. तेच मायचं माहेर. आता बाजाराच्या दिवशी चराईकडचं सगळं रान ओस पडायचं, हाक मारली तर ओ द्यायला माणूस नसायचं. अशा वेळी एवढ्याशा पोरीला एकटं सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून माय माझ्याबरोबर यायची.

पहिल्याच खेपेला मी म्हटलं, "माय, तू जा बाजाराला. मी राखते."

"गप. पुस्तक आणलंस का?"

शेळ्या तिनंच वळवल्या. मी बाभळीखाली बसून गणितं केली. शाळेचा दिवस कमी झाला आणि माझी शाळा वाढली, ती अशी. पुढे गुरुजींनी घेतलेल्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले, तेव्हा बापानं चौथीचा विषय काढणं बंद केलं. त्या निकालाचा मला अजून गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझी मैत्रीण मंगळवार बुडवू लागली. मग बुधवारही. पाचवीनंतर ती आलीच नाही. ती माझ्यापेक्षा हुशार होती. एकाच सुट्टीनं आमच्या दोन घरांना दोन वेगळ्या वाटांना लावलं, आणि म्हणूनच त्या पालकसभेत मला हात वर करता आला नाही, ना सुट्टीच्या बाजूनं ना विरुद्ध.

सातवीनंतर मी जवळा बाजारच्या हायस्कुलात जाऊ लागले. तिथं बाजाराच्या दिवशीही शाळा असायची. मला वाटलं, आता आपला वार बदलेल, माय बाजाराला येईल. पण तो वार कोण घेणार? आणि दुसरा वार घ्यायचा तर मायची मजुरी बुडणार. ती म्हणाली, "माझं मी बघते. तू मावशीला भेटून ये."

पहिल्या बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी लिंबाखाली गेले. मावशी तिथंच बसली होती, शेजारची जागा मोकळी ठेवून. मला गणवेशात पाहून तिला आधी ओळखच पटली नाही.

"आन तुझी माय?"

"शेळ्यामागं हाय."

मावशी उठली. माझं मनगट धरून तिनं मला ओळीपुढं उभं केलं आणि सगळ्या बांगडीवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा गं, ही माझ्या बहिणीची लेक! भर बाजाराच्या दिवशी शाळा करून राहिली!"

मी लाजून चूर झाले. संध्याकाळी माय शेळ्या घेऊन परतली तेव्हा मी तिला मावशी भेटल्याचं सांगितलं. बाजारात काय आलं होतं, मिरची काय भाव होती, यातलं तिनं काहीच विचारलं नाही.

"काय म्हणली ती?"

मी मावशीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

माय तशीच उभी राहिली, हातात काठी. शेळ्या आपापल्या घरी पांगत होत्या.

"समद्यांम्होरं म्हणली?"

"व्हय, समद्यांम्होरं."

"आणखी एकदा सांग," माय म्हणाली.