ओळीवर ओळ

भडगावजवळच्या माझ्या जुन्या शाळेतले कॉम्प्युटर बंद पडून होते. त्यातल्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला होता आणि नवा कोणी घेऊन देत नव्हतं. त्याच शाळेमुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, म्हणून मोफत, मुक्त सॉफ्टवेअर घेऊन मी जळगावच्या शिक्षण कार्यालयात खेटे घालत होतो.

"परत उनात का, भाऊ?" मला पुन्हा आलेलं पाहून दारातला शिपाई हसला.

आतल्या साहेबांना बोलण्याआधी रुमालाने चष्मा पुसायची सवय होती. चष्मा लावून त्यांनी त्यांच्याच एका जुन्या पत्राची मी या सॉफ्टवेअरमधून छापून आणलेली प्रत मूळ पत्रावर ठेवली आणि दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले. मागच्या खेपेला ओळी सरकल्या म्हणून त्यांनी मला परत पाठवलं होतं. या वेळी ओळीवर ओळ बसली.

"छान जमलंय. किंमत?"

"काहीच नाही, साहेब."

"मग बिघडलं तर बोल कोणाला लावायचा?"

"मला लावा. मी लगेच येईन."

"तुम्ही काय कंपनी आहात का?"

मी पिशवी उचलली, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. मला वाटलं, मन बदललं. त्यांनी टेबलाखालून लॅपटॉप काढला.

"मुलीचा आहे. कॉलेजचं काम अडलंय तिचं. यात टाकून द्या ना तुमचं ते."

मुलीसाठी चालणारी वस्तू शाळेसाठी सही करताना एवढी परकी का होते, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. मी लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकून दिलं.

तिचं काम त्याच संध्याकाळी सुरू झालं असेल. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवरची प्लास्टिकची आवरणं मात्र अजून तशीच आहेत.