शेवट न सांगणाऱ्या जीजी

जीजी चोळीचं माप घ्यायला आल्या की आधी सिनेमाचं सांगायच्या आणि मग माप घ्यायच्या. त्यांच्याकडे मापाची फीत नव्हती. एक जाड दोरा असायचा. दंड, छाती, पाठ अशा त्याला गाठी मारत जायच्या आणि कुठली गाठ कुणाची हे त्या कधी विसरल्या नाहीत. गाठ मारताना दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं असे, त्यामुळे देवासला पाहिलेल्या चित्राची निम्मी गोष्ट आम्हांला दातांच्या फटीतून ऐकावी लागे. तरी आम्ही सगळ्या जणी कामं टाकून भोवती बसायचो. सासूबाईसुद्धा माळ हातात घेऊन बसायच्या, फक्त मणी पुढे सरकत नसत.

मी लग्न होऊन धारला आले तेव्हा चित्रं मुकी होती. वर्षातून दोन-तीनदा तंबू यायचा, आठ-दहा दिवस राहायचा आणि पुढच्या गावाला जायचा. जीजींचं नाव द्वारकाबाई, पण माळव्यात वडीलधाऱ्या बाईला जीजी म्हणतात आणि आमच्या गल्लीत त्यांना दुसरं नाव उरलंच नव्हतं. त्यांचा नवरा दरबारच्या फरासखान्यात शामियाने शिवायचा. तो गेल्यावर जीजींनी ती मोठी सुई ठेवून दिली आणि चोळ्या शिवायला घेतल्या. एकुलती एक लेक देवासला दिलेली. त्या वेळी देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. लेकीचं घर थोरलीत आणि भाजीबाजार धाकटीत. "आमची रुक्मी मेथी आणायला परमुलखात जाते," असं जीजी कौतुकाने सांगायच्या. लेकीकडे त्या वरचेवर जायच्या आणि माताजीच्या टेकडीखाली तंबू लागला असला की चित्र पाहिल्याशिवाय परतायच्या नाहीत. तोच तंबू पुढे महिन्या-दोन महिन्यांनी धारला येई. त्यामुळे तो येण्याआधीच त्याच्यातलं काय पाहावं आणि काय सोडावं हे आमच्या गल्लीत ठरलेलं असे.

त्यांचं मत शिवणकामाच्या भाषेत यायचं. "चित्र ढगळ आहे गं, दोन ठिकाणी टाके घालायला हवे होते." किंवा, "कापड हलकं, पण शिवण देखो! रडवतंच." एकदा एका चित्रातल्या राणीबद्दल सगळं गाव हळहळत होतं, तेव्हा जीजी शांतपणे म्हणाल्या, "ती बाई नाही, बाप्या आहे. चोळीची खांद्याची शिवण ताणलेली दिसते. पण रडतो मात्र बाईसारखा, जा तुम्ही." आणि सगळ्यांना एकच सल्ला कधी नसे. चोळी जशी एकेकीच्या मापाची, तसं चित्रही. शेजारच्या गंगूचं मूल तीन महिन्यांचं होतं. तिला त्यांनी एका चित्राला साफ मना केलं. "त्यात लेकरू जातं. तू नको. तुझ्या सासूला धाड, तिला रडून मोकळं व्हायचंय कधीचं." गंगूची सासू गेली, पोटभर रडून आली आणि महिनाभर सुनेशी गोड बोलली.

मात्र शेवट त्यांनी कधी सांगितला नाही. गोष्ट रंगात आली, नायिका नदीच्या काठाशी उभी राहिली, की जीजी दोरा गुंडाळायच्या. "पुढचं अपन तिकीट काढून बघा." आम्ही पाया पडलो, लालूच दाखवली, रुसलो, काही उपयोग झाला नाही. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, दरबारात कारकून होते. ते सिनेमाला नाक मुरडायचे, पण जीजी आल्या की ओसरीवरचा त्यांचा झोपाळा थांबायचा हे आम्हांला आतून कळायचं. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "मग त्या राजाला राज्य परत मिळालं की नाही?" जीजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, तंबू मैदानातच आहे." मामंजींनी झोपाळा पुन्हा सुरू केला.

आम्हां बायकांना चित्राला जायची परवानगी मिळाली ती जीजींमुळेच. मामंजी म्हणाले होते, "जीजींनी हो म्हटलं तरच आमच्या घरच्या बायका जातील. पण जीजी, एकदा जरी तुमचा शब्द खोटा निघाला, तर हे कायमचं बंद." आमच्या घरचं पाहून गल्लीतल्या दहा-अकरा घरांनी तोच नेम केला. म्हणजे इतक्या घरांच्या कड्या जीजींच्या एका शब्दावर निघत किंवा लागत. सकाळपासून चूल आणि न्हाणीघर यांच्यामध्ये फिरणाऱ्या मला त्या कडीचं मोल काय होतं, ते आज घरबसल्या चित्रं पाहणाऱ्या माझ्या नातींना सांगून कळत नाही.

एका चैत्रात तंबू देवासला न जाता थेट धारला आला. चित्र पतिव्रतेचं होतं. या तंबूवाल्याने बायकांची बसायची सोय पडद्याच्या मागे केली होती. पडद्यावर बादल्यांनी पाणी मारायचे, मग ओल्या कापडातून चित्र मागूनही दिसायचं. पुरुष पुढे, बायका मागे, कुणाची नजर कुणावर नाही. थोरामोठ्यांना ही व्यवस्था फार पसंत पडली. अक्षरं आली की पुढून एक माणूस ती मोठ्याने वाचून दाखवायचा, त्यामुळे वाचता न येणाऱ्या जीजींचंही काही अडलं नाही. पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्या दोघी-चौघींना घेऊन जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या त्या तोंड पाडून. दोरा काढला नाही. "कुणी जाऊ नका. पतिव्रता म्हणे! डाव्या हाताने तुळशीला पाणी घालते. नथ उजव्या नाकपुडीत. आणि लग्नाचे फेरे, वहिनी, उलटे! अग्नी डावीकडे ठेवून." बरोबर गेलेल्या बायकांनीही माना हलवल्या. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. पुढे बसून आलेले एक-दोन पुरुष म्हणाले, आम्हांला तर सगळं रीतसर दिसलं. जीजींनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं. "नथ कुठल्या नाकपुडीत असते ते तुम्हांला काय मालूम? बायकोकडे कधी नीट पाहिलंत का?" बिचारे घरी जाऊन पाहून आले असतील. धर्मबुडवं चित्र म्हणून गावात बोभाटा झाला आणि तीन दिवसांत पुरुषही जाईनासे झाले.

चौथ्या दिवशी तंबूवाल्याची बायको जीजींचं घर विचारत आली. हळदीकुंकवाची चोळी न्यायला मी तिथेच गेले होते. तिच्या कडेवर मूल, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "जीजी, हमसे क्या भूल हुई? परसों तंबू उखाड़ना पड़ेगा. आगे डही गाँव तक जाने का बैलगाड़ीवाला भी उधार पे नहीं आता."

जीजी म्हणाल्या, "बाई, तेरी पतिव्रता उलटे फेरे लेती है. मैं क्या करूं?"

त्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. ती रोज दारावर तिकिटं फाडायची, तिने स्वतःचं चित्र कधी पाहिलेलंच नव्हतं. ती तशीच निघून गेली.

जीजींनी मला नवी चोळी घालायला लावली, पाठ ओढून पाहिली आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं. हळदीकुंकवाला थेट तिथूनच जायचं होतं, म्हणून मी नथ घालून आले होते. घामाने कुंकू पसरलं होतं, ते आरशात बघून नीट करायला लागले. माझ्या खांद्यावरून जीजी आरशातच बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "कुठल्या हाताने लावतेस गं?"

"उजव्या."

"आणि नथ?"

"डावीकडे. जीजी, काय झालं?"

त्यांनी माझा उजवा हात धरून वर केला, आरशाकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. मग हात सोडला. "पडद्याच्या मागे बसवलं होतं गं आम्हांला," एवढंच म्हणाल्या.

मागून पाहिलं की आरशासारखं डावं ते उजवं दिसतं, हे मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या तंबूवालीचा नव्हता, हे आज कबूल करते. मी म्हणाले, "जीजी, कुणाला सांगू नका. तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मामंजींची अट विसरलात का? तंबू परवा जाईल, गोष्ट संपेल. सांगितलंत तर आमची कडी कायमची लागेल."

जीजींनी जमिनीवरची कात्री उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "कापड मी चुकीचं कापलं आणि गिऱ्हाइकाला सांगू, की बाई, तुझं अंगच वाकडं आहे?"

त्या संध्याकाळी जीजी तंबूत गेल्या आणि पुरुषांच्या बाजूला, पुढे, जाजमावर जाऊन बसल्या. एकट्या. धारमध्ये त्यापूर्वी अशी कुणी बाई बसलेली नव्हती. सगळं चित्र त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट धरून पाहिलं, असं पाहणारे सांगत. बाहेर आल्यावर तंबूवाल्याला म्हणाल्या, "भिया, तुम्हारा चित्र एकदम सीधा है. मैं उलटी बैठी थी."

सकाळी त्या आमच्या ओसरीवर उभ्या. सगळ्यांत आधी आमच्याकडेच आल्या, कारण सगळ्यांत जास्त गमवायचं ते इथेच होतं. मी दाराआड उभी होते. त्यांनी सगळं सांगितलं, पडदा, पाणी, आरसा. माझं नाव घेतलं नाही.

मामंजी म्हणाले, "म्हणजे तुमचा शब्द खोटा निघाला."

"निघाला, भाऊसाहेब."

"अट आठवते ना?"

"आठवते. म्हणून तर इथे आधी आले. आता बाकीच्या घरी जाते."

त्या दिवशी त्या गल्लीतल्या एकूण एक घरी गेल्या. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं, की चित्र चांगलं आहे, मी चुकीचं सांगितलं. काही बायका हसल्या. एकीने तर चोळीचं कापड परत मागितलं. पण लोक पुन्हा तंबूकडे वळले, आणि जीजींच्या सांगण्यावरून तंबूवाल्याने बायकांना मागून काढून पुढेच, मधे कनात लावून बसवलं. बाकीच्या घरांनी अट ताणली नाही, गल्लीतल्या पुष्कळ जणी जाऊन आल्या. आमच्या घरची कडी मात्र निघाली नाही. मला जीजींचा इतका राग आला की पुढच्या खेपेला माप देताना मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही गुपचूप गाठी मारल्या. त्या दिवसापासून सिनेमाचं बोलणं त्यांनी आमच्या घरात बंदच केलं. सासूबाईंचे मणी आता भराभर सरकत, पण घरात कुणाला बरं वाटत नव्हतं.

दिवाळीनंतर पुन्हा तंबू आला. जीजी माप घ्यायला आल्या, दोरा दातांत धरला आणि गप्प. तेवढ्यात ओसरीवरचा झोपाळा थांबला. मामंजी दाराशी येऊन म्हणाले, "जीजी, या वेळचं चित्र कसं आहे?"

जीजींनी दोरा तोंडातून काढला. "माझा शब्द तुम्ही बाद केलाय, भाऊसाहेब."

मामंजी खाकरले. "दरबारात तीस वर्षं झाली मला. चुकलो असं आपण होऊन सांगायला आलेला माणूस मी पाहिला नाही. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी घरच्यांना पाठवू? सांगा, कसं आहे?"

जीजींचे डोळे भरून आले. पण मत देताना त्या कधी वाहवत जात नसत. "मध्ये जरा ढगळ आहे," त्या म्हणाल्या, "पण सगळ्यांना पाठवा. आणि तुम्हीही जा." मामंजी गेले. परत आल्यावर शेवटाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

पुढे जीजी थकल्या आणि लेकीकडे देवासला राहायला गेल्या. तोवर चित्रं बोलायला लागली होती. मी इंदूरला पहिला बोलपट पाहिला आणि तशीच मोटार बदलून देवासला गेले. जीजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हात काडीसारखे झालेले. मला पाहून म्हणाल्या, "काय पाहिलंस?" मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "कुठे बसून?"

"पुढे, जीजी. अगदी समोर."

"मग सांग."

मी सांगितलं. गाणी म्हणून दाखवली, राजाचा आवाज काढला. त्या मधूनच "शिवण कशी आहे?" असं विचारत, आणि मी "पक्की" म्हणत राहिले. उलट्या फेऱ्यांच्या वेळी धरलेल्या अबोल्याबद्दल मला माफी मागायची होती, ती काही तोंडातून निघाली नाही. गोष्ट पुढे सरकत गेली आणि नायिका एकटी देवळाच्या पायऱ्यांवर आली तिथे मी अडखळले. जीजी अंथरुणातून पुन्हा उठणार नाहीत हे रुक्मीने मला दारातच सांगितलं होतं. आता तरी शेवट सांगावा, असं मला वाटलं. मी म्हणाले, "जीजी, पुढे मग..."

त्यांनी हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. हात उजवाच होता.

"शेवट नको," त्या म्हणाल्या. "चित्र चांगलं आहे ना? मग मी जाऊन बघेन."

आठ दिवसांनी रुक्मीचा निरोप आला. त्याबरोबर एक पुडी होती. आत तो जाड दोरा होता, आणि त्याच्या एका टोकाला, माझ्या दंडाची, पाठीची आणि छातीची गाठ अजून तशीच होती.