तापाची गोळी कुणी दिली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीजवळही नाही. बोलायचं ठरवते आणि जीभ अडखळते — कारण आमच्या घरात ही गोष्ट आनंदाची म्हणून सांगितली जाते, आणि त्या आनंदात हार माझ्या गळ्यात पडला आहे.

आबा वाचले. हे आधी सांगते, मला ते पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. माझे वडील ते, पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर आहेत. आजही पहिल्या शिफ्टला गेलेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मानेला गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, या प्रकाराला औषध लागू पडतं. दवाखान्यात राहायचं नाही. सकाळी जायचं, शिरेतून इंजेक्शनं घ्यायची, संध्याकाळी बसनं घरी. असे सहा फेरे.

पहिल्या फेऱ्याला डॉक्टर काळजी कशी घ्यायची ते सांगू लागले, तर आबा म्हणाले, "तिला इंग्रजीत सांगा डाक्टर. कालेजात हाय ती."

आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मी पहिली. डॉक्टर भराभर बोलले. मला काय कळलं? उलट्या होतील, केस जातील — एवढंच. समजलं ना, असं त्यांनी शेवटी मराठीत विचारलंसुद्धा. मी मान डोलावली. आबा माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते — नाही कसं म्हणायचं?

घरी आईनं विचारलं, काय जपायचं. मी ठासून सांगितलं, उलट्या थांबल्या की सगळं नेहमीसारखं.

उलट्या चौथ्या दिवशी थांबल्या. आठवड्यानं आबा पोटभर जेवले, तेव्हा मीच त्यांच्या शिफ्टच्या लोकांना निरोप धाडला — आता भेटायला या. आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर आमच्याकडे माणूस तुटतो. एवढ्याशा खोलीत नऊ जण आले. एक सारखा खोकत होता. प्रत्येकानं आबांचा हात हातात घेतला.

दोन दिवसांनी दुपारी आबांचं अंग तापलं. आईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "पुण्याला नेऊ या गं. मला ह्यो ताप बरा वाटंना."

मी म्हणाले, ही औषधाची उष्णता आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि ग्लानीत पडलेल्या आबांना तापाची गोळी दिली — माझ्या हातानं. ताप उतरला. मी आईकडे कशा तोऱ्यात पाहिलं, ते मला आठवतं. सकाळी आबा थडथड कापत होते, डोळे उघडत नव्हते.

शेजारच्या बाबूभाई मेकॅनिकनं टेम्पो काढला, पुण्याला नेलं. आदल्या दुपारी गोळी दिल्याचं कळलं तसं डॉक्टरांनी आईला आणि मला समोर उभं केलं. ताप आला की लगेच आणा, मनानं गोळी देऊ नका, असं बजावलं होतं ना? मग गोळी कुणी दिली?

"आईनं," मी म्हणाले. "तिला वाचता येत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

आठ दिवस वेगळ्या खोलीत सलाइन आणि इंजेक्शनं चालली. नवव्या दिवशी आबांनी पिठलं-भाकरी मागितली! आई पदरात तोंड घालून रडली. आणि मी त्याच दिवशी नर्सबाईंसमोर वही घेऊन बसले, सगळं मराठीत विचारलं. हे औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं. आठ-दहा दिवसांनी त्या अगदी कमी होतात. माणूस वरून बरा दिसतो, पण साधा खोकलासुद्धा त्याला झेपत नाही. म्हणून गर्दी नको, पाणी उकळून, कच्चं काही नको, हात साबणानं धुवायचे, आणि ताप आला तर थांबायचं नाही.

पुढचे पाच फेरे मी उंबऱ्यावर उभी राहिले. लोक दारातूनच जयभीम घालून परत जात. "राव, गेटवरचा वॉचमन बरा," आबांचे सोबती म्हणायचे, "ही पोरगी पासवरबी सोडत न्हाई." एकदाही ताप आला नाही. सहाव्या फेऱ्यानंतर डॉक्टरांनी मान चाचपली, पुन्हा चाचपली — गाठ नव्हती.

आबा कामावर रुजू झाले त्या दिवशी खात्यातल्या लोकांनी पेढे वाटले, त्यांच्यासोबत मलाही हार घातला. आबा सगळ्यांना सांगत होते, शिकलेल्या पोरीनं वाचवलं. आणि हसून आईकडे बोट दाखवत, "हिच्या हातची गोळी तेवढी घ्यायची न्हाई बाबांनो." सगळे हसले. आईही हसली. "व्हय, मी अडाणी," म्हणाली.

ती थट्टा घरात अजून चालते. पाहुणे आले की चालते. दर वेळी आई हसते, आणि दर वेळी मी चहा करायला उठते.

आई अडाणी नव्हती. त्या दुपारी घरात ताप ओळखणारी ती एकटीच होती. न कळता मान डोलावली ती मी, माणसं बोलावली ती मी, गोळी दिली ती मी.

आबा साडेतीनला घरी येतील. जीभ अडखळते म्हणून लिहिलेला हा कागद मी दोघांसमोर वाचणार आहे. आईला सगळं ठाऊक आहे. आबांना नाही.