दोऱ्याच्या डोळ्यांच्या चिमण्या

मी वाडीतून निघाले त्या सकाळी आईने एसटीच्या फाट्यावर माझ्या हातात एक जड पिशवी दिली. आत तिच्या जुन्या सुती साड्यांची फडकी होती, धुऊन, उन्हात कडक वाळवून, चौकोनी घड्या घातलेली. इतकी फडकी कशाला, असं मी विचारलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "पुसापुशीला." मग बाबांकडे पाठ करून हळूच म्हणाली, "वहिनीकडं दे. पण आता उघडू नका."

वहिनीचे दिवस भरत आले होते. बाळ जन्मायच्या आधी बाळाचं काही घरात आणायचं नाही, हा आपल्याकडचा नियम तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तो आमच्या घरात सगळ्यात कडक पाळणारी बाई म्हणजे माझी आई, आणि मोडणारी पहिलीही तीच. तिने फक्त त्याला पुसापुशीचं नाव दिलं. गाडी दिसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "शिकायला चाललीस. पाहुणी होऊन राहू नको."

वाडीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखं वाडी सोडून कुठे कुठे गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. पण गेलं वर्षभर जो वैताग झाला तो कुणाला तरी सांगायला हवा.

मी विरारला फुलपाड्यात दादा-वहिनीकडे राहते. चौथा मजला, लिफ्ट नाही. बी.कॉम.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची अशी समजूत झाली आहे की मला सगळं कळतं. पाण्याचा टँकर का आला नाही, वहिनीच्या रिपोर्टवर काय लिहिलंय, बाळाच्या बाटलीचं बूच कसं उघडतं, सगळ्याला एकच उत्तर. "तू शिकलेली हायस, तूच बघ." मी बघते. बघून सांगितलं की मग कुणी ऐकत नाही. मला डेबिट-क्रेडिट शिकवतात, बाळांचं काही शिकवत नाहीत, हे मी किती वेळा सांगितलं असेल.

वहिनीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथेच झालं. आधी काही आणायचं नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघी मोबाइलवर नुसत्या वस्तू बघत बसायचो. बघायला बंदी नव्हती. पाळणे, गाद्या, दुधाच्या बाटल्या गरम करायची यंत्रं, बाळाच्या आंघोळीचं पाणी किती गरम ते मोजायची रबरी बदकं. जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. एक बाई लिहायची, उशी हवीच. दुसरी लिहायची, उशी अजिबात नको. शेवटी मी दवाखान्यातल्या सिस्टरना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, उशी नको, जाड गोधडी नको, मच्छरदाणी मात्र घ्या. इतकं सोपं उत्तर मला आठवडाभर वाचून मिळालं नव्हतं.

बाळ थोडं आधीच आलं. मग सगळं एकदम. दादा डायपर आणायला पळाला आणि सगळ्यात मोठ्या मापाचे घेऊन आला. का, तर "वाढेल ना ती." आपल्याकडे गणवेश, चपला, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची सवय. मी चौथीत घेतलेला रेनकोट सातवीपर्यंत घातला. पण डायपर वाढत्या अंगाचा घेऊन चालत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या काखेपर्यंत तो आला. वहिनी टाके सांभाळत हसत होती आणि दादा तोंड पाडून उभा. शेवटी पुसापुशीची पिशवी उघडली. आईची फडकी. पुढचे कितीतरी दिवस त्यांच्यावरच निघाले.

बारशाला आई-बाबा आले. बाळाचं नाव रेवा ठेवलं, आई मात्र तिला बायच म्हणते. त्या दिवशी आलेल्या भेटींचा ढीग बघून मला रडू येईल असं वाटलं. भुंकणारा कुत्रा, जो बंदच होत नाही. इंग्रजीत एबीसीडी म्हणणारा फोन. चाकं निघणारी मोटार. एका बाहुलीच्या पाठीवर बटणाएवढ्या सेलचं झाकण होतं, त्याला स्क्रू नव्हता, नखानेच उघडत होतं. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, होईलच ना ती तीन वर्षांची." म्हणजे खेळणीसुद्धा वाढत्या अंगाची.

दादाच्या ऑफिसातल्या मुलांनी मिळून बाबागाडी दिली. मोठी, छत असलेली, फार देखणी. चार मजले ती खाली कोण नेणार? आणि नेली तरी कुठे फिरवणार? आमच्या गल्लीत रिक्षा लागलेल्या, मध्ये खड्डे, फुटपाथचा पत्ताच नाही. आता तिच्यात कांदे-बटाटे राहतात. छत असल्यामुळे त्यांना ऊन लागत नाही.

कॉलेजात माझी एक मैत्रीण आहे ग्लोरिया, जवळच्या वटार गावची. तिच्या भावाच्या मुलाचा नुकताच बाप्तिस्मा झाला होता. मी तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे पण तेच गं. फादर सोडून सगळे बॅटरीवर चालणारं घेऊन आले." तिने सांगितलं म्हणून मी एकसंध लाकडाचा, न रंगवलेला खुळखुळा शोधला. तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, "म्युझिक नाही, लाइट नाही, मग बच्चा खेळणार काय?" मी खुळखुळा घेऊन निघाले.

आता आईच्या चिमणाळ्याबद्दल सांगते. तुमच्यातल्या धाकट्यांनी कदाचित बघितलं नसेल. पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं झुंबर म्हणजे चिमणाळं. बारशाला आईने ते स्वतः शिवून आणलं होतं. बाबांनी वाकवलेली बांबूची कडी, त्याला दोऱ्यांवर लटकणाऱ्या लाल, हिरव्या, पिवळ्या चिमण्या, आणि प्रत्येकीला जत्रेतून घेतलेल्या वाटाण्याएवढ्या काळ्या काचेच्या मण्यांचे डोळे. आपल्या घरी वासा आहे, झोळी कुठेही बांधता येते. इथे वर नुसता स्लॅब. म्हणून लोखंडी पाळणा आणला आणि त्याच्या दांडीला चिमणाळं बांधलं. भुंकणाऱ्या कुत्र्याला बघून किंचाळणारी रेवा त्या चिमण्यांकडे टक लावून बघायची आणि गप्प व्हायची. इतक्या पसाऱ्यात एकच वस्तू अशी होती जिच्याबद्दल मला कुणाशी भांडायचं नव्हतं.

बाबा गुरांसाठी परत गेले, आई राहिली. रेवा वाढली, हात लांब करू लागली, हाताला लागेल ते तोंडात घालू लागली. एका दुपारी मी कॉलेजातून आले. आई डाळ निवडत होती, वहिनी कपडे वाळत घालत होती. पाळण्यात रेवाच्या मुठीत तुटलेला दोरा होता आणि तोंडात पिवळी चिमणी. मी चिमणी ओढून काढली. तिला एकच डोळा होता.

पुढचं मला नीट आठवत नाही. वहिनीने बाळाला उचलून तोंडात बोट फिरवलं, रेवा कळवळून रडली. ती रडते आहे म्हणजे श्वास आहे, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. मी गादी झटकली, फरशीवर पालथी पडून पाळण्याखाली हात घातला. वहिनीने एकेक करून बाळाचे कपडे उतरवले. मणी तिच्या मानेच्या वळीत सापडला, घामाने चिकटलेला. वहिनी तिथेच खाली बसली.

आई मात्र हसली. म्हणाली, "इतकं काय त्यात? तुझ्या दादानं पण गिळला होता."

ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक गणपतीत निघते, तुम्हीही ऐकली असेल. दादा रांगायच्या वयाचा असताना त्याने चिमणाळ्याचा मणी गिळला, बाबांनी त्याला उलटा धरून पाठीत धपाटा घातला, आणि मणी उडाला तो थेट तुळशीत, अजून सापडायचा आहे. बाबा ती उभं राहून, हातवारे करून सांगतात. आम्ही सगळे हसतो. मीसुद्धा लहानपणापासून हसत आले आहे.

वहिनी या घरात नवी, तिने ती कधी ऐकली नव्हती. तिने हसायच्या जागी विचारलं, "आई, तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"घरातच की."

"आणि बाबा?"

आईचा हात डाळीत थांबला. "ते कुठले घरात. ते भात झोडाय गेलेले, पार नदीपलीकडं." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी एकटीच होते गो. हाका मारल्या, कुणी आलं नाय. तो निळा पडलेला. काय करतात ते मला काय ठाव? पायाला धरला नि..."

तिने ताट बाजूला सारलं आणि आत गेली.

इतकी वर्षं बाबा जी गोष्ट सांगत होते तिच्यात ते नव्हतेच. आई कोपऱ्यात बसून ऐकायची आणि आमच्याबरोबर हसायची. मला तिच्यापाशी जावंसं वाटलं. पण सगळ्यांना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवणारी मी, दाराशी नुसती उभी राहिले.

त्या दिवशी ती जेवली नाही. दादाला म्हणाली, मला गाडीत बसवून दे, गुरांकडे बघाय कुणी नाय. बाबा गुरांकडे होते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वहिनीने चिमणाळं काढून कपाटात ठेवलं आणि मला वाटलं, झालं. एवढ्या धडपडीतून मी बाळाच्या घरातून बाळाची आजी घालवली.

सकाळी उठले तर आई खिडकीशी उजेडात बसलेली. चिमणाळं तिच्या मांडीवर. शेजारी वाटीत सगळे मणी. तिने प्रत्येक चिमणीला काळ्या दोऱ्याचे घट्ट, गोल डोळे काढले होते आणि दोऱ्या तोडून इतक्या आखूड केल्या होत्या की बाळाचा हात पोचणार नाही. शेवटची पिवळी चिमणी तिने माझ्या अंगावर टाकली. "घे. ओढ. दातानं ओढ. तुमच्या कॉलेजला पटतं का बघ."

मी खरंच दातांनी ओढली. काही निघालं नाही. आईने मान डोलावली आणि चहा टाकायला उठली. गाडीत बसवून द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. ती पुढे महिनाभर राहिली.

आता ती वाडीत आहे. भुंकणारा कुत्रा आम्ही एका पोत्यात घालून माळ्यावर टाकला आहे, तिथूनही तो अधूनमधून भुंकतो. सेलवाली बाहुली टाकून दिली. रेवाला शेवटी काय काय लागलं, असं तुमच्यातल्या कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे फार काही नाही. फडकी, मच्छरदाणी, लोखंडी पाळणा. खेळायला लाकडी खुळखुळा, स्टीलची वाटी, आणि चिमण्या. वाटी ती फरशीवर आपटते तेव्हा खालच्या मजल्यावरून माणूस वर येतो. मी त्याला सॉरी म्हणते आणि दार लावते.

परवा आईचा फोन आला. शेजारच्या घरात बाळ झालं आहे, त्याच्यासाठी आई चिमणाळं शिवते आहे. शेजारीण कुरकुरत होती म्हणे, की हे असे आंधळ्यासारखे काय डोळे, चमकत पण नाहीत, मणी का लावले नाहीस.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार. सांगितलं, आमच्या विरारच्या घरी असंच करतात."

मी अजून कॉलेजात कुणी विचारलं की घर कुठे, तर वाडीचं नाव सांगते. विरारला राहते म्हणते, विरारचं घर कधी म्हटलेलं नाही. आईने ते इतकं सहज म्हटलं, आणि पुढे लगेच विचारलं, बाय जेवली का. मी हो म्हटलं. मागे रेवा वाटी आपटत होती, ते तिला तिकडे ऐकू जात होतं.