वगळलेली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला सांगायची गरजच नव्हती — तिला ठाऊक होतं. ती मागच्या हिवाळ्यात गेली. आता माझ्याशिवाय हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं आहे.

पुसेगावजवळच्या आमच्या शाळेत भांडणाला छडी नव्हती. भांडलेली पोरं गोलात बसायची आणि घडलेलं सगळं समोरच्याच्या तोंडून लिहायची — कागदावरचा ‘मी’ म्हणजे ज्याला दुखावलं तो. लेकरं वाचायला लाजतात म्हणून कागद मी वाचायचो. नियम एकच: शब्द बदलायचा नाही. नियम माझाच. किती मिरवलो मी त्यावर...

कविता तांड्यावरून यायची, माझ्या लेकीच्याच वर्गात होती. एकदा मधल्या सुट्टीत, नळावर, तिनं माझ्या लेकीच्या थोबाडीत मारली. गोल बसला. कविताचा कागद माझ्या हाती आला. मी वाचू लागलो — नळावरची रांग, ओली चप्पल, मार बसल्यावर गाल कसा तापत गेला तेही. इतकं जिवंत लिहिलं होतं पोरीनं. सगळं वाचलं मी. फक्त माझ्या लेकीच्या तोंडचं मधलं एवढंच वगळलं —

‘मी तिला म्हटलं, तांड्यावरचं कुणी पाणी पिऊन गेलं की आमी नळ धुतो. घरी बाबांसमोर मी असं बोलत न्हाई.’

वगळायला कितीसा वेळ लागतो? एक श्वास. उरली ती बिनकारणाची थप्पड. सगळी पोरं कविताकडं बघत होती, आणि कविता माझ्याकडं. मग ती उठली, तिनं माफी मागितली. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

लेकीला वाचवलं म्हणू? की त्या ओळीतल्या बाबांना? लेकीनं त्यानंतर माझ्यासमोर काही लिहिलं नाही. कधीच.

लेक गेल्यावर कविता भेटायला आली. जवळा बाजारला शिक्षिका आहे आता. फोटोसमोर बसली. निघताना, चप्पल घालता घालता म्हणाली, “सर, मी बी गोल बसवून राहिले शाळेत. तुमचाच. फक्त कागद ज्याचा त्यानं वाचायचा.”

ती उंबऱ्यापाशी थांबली होती. बोलता आलं असतं.

मी म्हणालो, “बस चुकंल तुझी.”