विलासदादा, दोन डिस्क आणि अण्णांचं पुस्तक

विलासदादा गेले. काल दुपारी, मिरजेत, हॉस्पिटलमध्ये.

मूळचे उंब्रजचे. आर्मीत सिग्नल्सला होते. रिटायर झाल्यावर सांगलीत आमच्या प्रेसचे कॉम्प्युटर सांभाळायचे. मी तिथे टायपिंगला होते.

अठ्ठ्याण्णव साल. सगळ्या फाइली एका लिनक्स मशीनवर, दोन हार्डडिस्कवर एकसारख्या. एक गेली तरी दुसरी आहेच, असा दादांचा हिशोब.

गणपतीत एक डिस्क बंद पडली. पुण्याहून नवी येईपर्यंत काम दुसरीवर चालू राहिलं.

नवी डिस्क काही आली नाही, खंडेनवमी मात्र आली.

फौजी माणूस, शस्त्रपूजा सोडतोय थोडाच! दादांनी मशीन उघडलं, पुसलं, दोन्ही डिस्क काढून पाटावर मांडल्या. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, सगळं यथासांग.

दसऱ्यानंतर परत जोडताना कळलं, बंद डिस्कची नुसती केबल सैल होती. म्हणजे डिस्क ठणठणीत; चालू डिस्कवरून तिच्यावर सगळं कॉपी केलं की झालं.

पण चालू कुठली आणि बंद कुठली?

दोन्ही दिसायला सारख्या. दादांनी पेनाने केलेली खूण कुंकवाच्या पाण्यात गेलेली.

उलटी कॉपी झाली असती तर गणपतीनंतरचं सगळं पुसलं गेलं असतं. त्यात कवठे महांकाळच्या अण्णांच्या द्राक्षबागेवरच्या पुस्तकाची शेवटची प्रकरणं होती. अण्णांची नजर गेलेली. ते तोंडी सांगायचे, मी थेट टाइप करायचे. कागदावर काहीच नव्हतं.

मालक म्हणाले, "करा की अंदाजानं."

"न्हाई साहेब. अंदाजानं न्हाई."

दादांनी अण्णांना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "अण्णा, गोंधळ माझ्या हातनं झालाय."

"पुन्यांदा सांगाय जमायचं न्हाई बगा, विलासराव. निम्मं इसरलोय."

दादांनी एकेक डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. एकीवर ती प्रकरणं नव्हतीच. दुसरीवर फाइल दिसली.

मी म्हटलं, "दादा, करा सुरू!"

"थांबा ताई. आदी अण्णांना ऐकू द्या."

आणि स्क्रीनवरून मोठ्याने वाचायला लागले. पार शेवटच्या ओळीपर्यंत.

"व्हय. समदं आलं," अण्णा म्हणाले.

"मग दाबू एंटर?"

"दाबा की!"

पुस्तक छापून झालं. अण्णांनी प्रत हातात घेतली, पानांवरून बोटं फिरवली.

"लय झ्याक. पर मला ह्येचा काय उपेग?"



पुढच्या रविवारी दादा एसटीने कवठे महांकाळला गेले आणि अण्णांसमोर पुस्तक घेऊन बसले. मग दर रविवारी जात राहिले, पुस्तक संपेपर्यंत.

संपलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आता पयल्यापास्नं."

दादा पुन्हा जायला लागले.

फार आठवण येतेय, दादा. जड मनाने निरोप.